‘ला’ म्हणजे नेहमी ‘टू’ नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, साताऱ्याहून निघालेली एस.टी. डोळ्यांसमोर आणा. ती वाईकडे जाते, वाईला पोहोचते, वाईच्या स्थानकात शिरते. वाईपर्यंतचीच गाडी असेल तर पसरणीचा घाट चढून ती पाचगणीला जात नाही. गाव एकच; पण ‘कडे’ने दिशा कळली, ‘ला’ने मुक्काम, ‘त’ने आत शिरणे आणि ‘पर्यंत’ने मर्यादा. इंग्रजीत हीच कामे टुवर्ड्‌स, टू, इन्टू आणि अ‍ॅज फार अ‍ॅज हे शब्द करतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, इंग्रजीतील हे शब्द नामाच्या आधी येतात. अर्थातले भेद मात्र तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेत.

मग चुका का होतात? आपण ‘ला म्हणजे टू’ असे पाठ करतो म्हणून. ही जोडी फार काळ टिकत नाही. ‘वाईला जातो’ येथे टू चालतो. ‘वाईला राहतो’ येथे गती नाही, म्हणून इन लागतो. ‘पुण्याला निघालो’ म्हणताना पुणे अजून दूर आहे. तेथे लीव्ह या क्रियापदापुढे फॉर येतो. ‘वाईला पोहोचलो’ याच्या इंग्रजीत रीचनंतर काहीच लागत नाही, कारण गाव हे त्या क्रियापदाचे थेट कर्म आहे. ‘डोंगराकडे चाललो’ म्हणजे टुवर्ड्‌स, पण ‘डॉक्टरांकडे गेलो’ म्हणजे टू. उलट, आपण ‘घराला जातो’ म्हणत नाही, ‘घरी जातो’ म्हणतो. इंग्रजही ‘गो होम’च म्हणतो, मध्ये टू घालत नाही. संस्कृतात ‘ग्रामं गच्छति’ म्हटले की द्वितीया विभक्तीच गावाकडचे जाणे दाखवते. प्रत्येक भाषेने कामाची वाटणी आपापल्या परीने केली आहे.

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. प्रयोगशाळेत ‘अ‍ॅड अ‍ॅसिड टू वॉटर’ अशी सूचना असते. टूच्या पुढे जे येते, ते भांड्यात आधीपासून असते. म्हणजे पाण्यात आम्ल थोडे थोडे घालायचे. कोणी उलटे समजून तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतले, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाणी एकदम उकळते आणि आम्ल अंगावर उडते. दोन अक्षरांच्या शब्दावर डोळे अवलंबून असतात!

मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालले आणि त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. अशा कामात विज्ञानातील मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांचा कसून विचार होतो. शाळेत या छोट्या शब्दांच्या वाट्याला मात्र ‘रिकाम्या जागा भरा’ एवढेच येते. हे बदलले पाहिजे असे मला वाटते. इंग्रजी भरपूर ऐकून हे शब्द आपोआप येतात, हे खरे. पण ज्या मुलाच्या कानांवर इंग्रजी फक्त तासालाच पडते, त्याने काय करावे? त्याच्याजवळ मराठी आहे. तिचाच आधार त्याला द्यावा.

शिक्षकांनी फळ्यावर एक ठिपका आणि एक बाण काढावा. मग विचारावे: फक्त दिशा सांगायची आहे, की पोहोचणेही? आत शिरायचे आहे का? येथे गती आहे, की मुक्काम? ठिकाण हे क्रियापदाचे थेट कर्म तर नाही? ‘रीच्ड टू वाई’ लिहिणाऱ्या मुलाला हसू नये. त्याने मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. दोन भाषांचे नियम कोठे वेगळे होतात, एवढेच त्याला दाखवायचे आहे.

मित्रांनो, आपल्या गावाचा ठिपका वहीत काढा आणि घर, शाळा, नदी, बाजार यांच्याकडे बाण काढून प्रत्येकाचे वाक्य दोन्ही भाषांत लिहा. पाठांतरापेक्षा ते अधिक दिवस लक्षात राहील.