उसाची नोंद आहे, मग इजेची का नको?



आपल्या कारखान्यात उसाची नोंद चोख असते. लागण कोणत्या तारखेची, जात कोणती, आडसाली की सुरू, खोडवा कितवा, क्षेत्र किती आणि काट्यावर किती टन भरला, हे सगळे शेतकी खात्याच्या वहीत सापडते. टनेज घटले की आपण वही उघडतो, कारण शोधतो आणि पुढल्या साली सुधारणा करतो. पण त्याच उसात गेल्या पाच वर्षांत किती जणांना पान लागले, कोणत्या महिन्यात लागले, रात्री की दिवसा, आणि लस टोचायला किती वेळ गेला, हे कोणत्याही गट ऑफिसात विचारा. "हो, झालं होतं की त्या मळ्यात एकदा," एवढेच उत्तर मिळेल. कोयता पायावर बसणे, मोळी घेऊन फळीवरून पडणे, रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळणे, या सगळ्याचे असेच आहे. चार दिवस हळहळ होते आणि विषय संपतो.

माझे म्हणणे सरळ आहे. उसाप्रमाणे इजेचीही नोंद झाली पाहिजे. ती दवाखान्यातही झाली पाहिजे आणि गटातही.

नुसत्या नोंदीने काय साधते, असे कोणी म्हणेल. आपल्याच राज्यातले उदाहरण देतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची वेळेनुसार नोंद ठेवली. त्या नोंदीतून कळले की विषाचा मारा हृदयावर होतो आणि फुप्फुसात पाणी भरून माणूस जातो. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा २५ ते ३० मृत्यू होत, ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. लॅन्सेट या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांचे काम छापले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन मोठ्या प्रयोगशाळेत झाले नाही. खेड्यातल्या दवाखान्यात, कागद आणि पेन्सिलीवर झाले.

आता सापाचे पाहू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अंदाज दिला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्याआधी २०११ साली याच मालिकेतला अभ्यास आला होता. त्यात दिसले की मृत्यूंपैकी शेकडा ९७ खेड्यापाड्यातले, जास्त करून जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, आणि शेकडा २३ मृत्यूच तेवढे दवाखान्यात झालेले. बाकीची माणसे घरी, वाटेत नाहीतर मांत्रिकाच्या दारात गेली.

या आकड्यावर सभासदांनी थोडे थांबावे. काट्यावर जो ऊस येतो त्याचेच वजन होते. फडात जळाला तो काट्याला दिसत नाही. दवाखान्याच्या वहीचेही तसेच आहे. जो पोहोचला त्याचीच नोंद. म्हणून दवाखान्यातला अभ्यास हवाच, पण त्याला गावातल्या नोंदीची जोड हवी. ही जोड आपला चिटबॉय देऊ शकतो. तो रोज प्लॉटवर जातो, त्याला प्रत्येक वस्ती माहीत असते.

यात माझ्या खात्याचाही प्रश्न गुंतला आहे. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, असे आम्ही सांगत आलो आणि पुढेही सांगणार. जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, पाणी वाचते. पण सभासद विचारतात, "साहेब, पाचटात उंदीर होतो, उंदरामागं जनावर येतं, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. पाचटाच्या प्लॉटात दंश जास्त होतात, की रात्रपाळीच्या विजेमुळे अंधारात दारे धरताना जास्त होतात, हे अंदाजाने सांगू नये. नोंद असेल तरच सांगता येईल. पाचट कारण निघाले तर गुडघ्यापर्यंतचे बूट आणि काठी यावर भर देता येईल. अंधार कारण निघाला तर बॅटरी आणि दिवसाच्या विजेचा आग्रह धरता येईल. रोग ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हे आपण पिकाला लावतो ते इथेही लावावे.

दवाखान्याकडून काय लिहून घ्यावे? जखम कोणती, कोठे झाली, काम कोणते चालू होते, दंश किती वाजता आणि लस किती वाजता, दवाखान्यात येण्याआधी काय केले. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. आजही कोणी दोरीने आवळून बांधतो, कोणी ब्लेडने चिरतो, कोणी लिंबाचा पाला चावायला देतो. यात वेळ जातो आणि जखम वाढते. धीर द्यावा, चावलेला हात-पाय हलू देऊ नये, चालवू नये आणि गाडी काढून थेट लस असलेल्या दवाखान्यात न्यावे, इतकेच करायचे आहे. मण्यारीचा दंश तर दुखतही नाही. कोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात अपचन झाले. घोणशीचे विष रक्त गोठू देत नाही. त्यासाठी कोऱ्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवण्याची साधी तपासणी आहे. ती केली का, हेही वहीत दिसावे.

रुग्ण समाधानी आहे का, हेही विचारावे, पण नीट विचारावे. "उपचार बरे झाले का?" म्हटले की आपला माणूस हात जोडून "बरं झालं डॉक्टरसाहेब" म्हणतो. त्यातून काही निघत नाही. विचारायचे असे: लस बाहेरून आणायला लावली का? किती वेळ बसवून ठेवले? परत कधी यायचे ते समजेल अशा भाषेत सांगितले का? केसपेपर हातात दिला का? हे प्रश्न घरी गेल्यावर आठवडाभराने, डॉक्टरांच्या समोर नव्हे तर गटात विचारावेत, म्हणजे खरे उत्तर मिळेल.

केसपेपरचा उल्लेख मुद्दाम केला. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंश आणि विंचूदंश त्यात धरले जातात. पण कागद नसेल तर घरचा कर्ता जाऊनही घरात काही येत नाही. नोंद हा त्या कुटुंबाचा आधार आहे.

काही सभासद म्हणतील, हे सरकारचे काम, कारखान्याने यात का पडावे? सरकारही आता जागे झाले आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये आला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. पण गावातली खबर गावातूनच जायची. दुसरे कोणी म्हणतील, तोडणी कामगारांचे मुकादम बघेल. ही गोष्ट मला पटत नाही. तो आपला सभासद नसेल, पण आपलाच ऊस तोडताना त्याला इजा होते. वहीत सभासद आणि कामगार असा भेद नको.

माझी सूचना अशी. येत्या हंगामापासून प्रत्येक गट ऑफिसात एक इजा नोंदवही ठेवावी. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाशी बोलून त्यांची आणि आपली नोंद तीन महिन्यांनी ताडून पाहावी. लस कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, तो फलक पावसाळ्याआधी आणि हंगाम सुरू होताना प्रत्येक गटात आणि कोप्यांच्या तळावर लागावा. वर्षाचा गोषवारा, रुग्णांची नावे न देता, वार्षिक अहवालात टनेज आणि उताऱ्याशेजारी छापावा. खर्च एका वहीचा आणि थोड्या पायपिटीचा आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर आपण तासन् तास बोलतो, बोललेच पाहिजे. त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी