धैर्यधर मोठा की भामिनी?

8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी चुरस असलेल्या दोन कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. बालगंधर्व नायिका भामिनी झाले, केशवराव भोसले नायक धैर्यधर. खाडिलकरांचे हे नाटक 1911 पासून गाजत होते, पदे लोकांना पाठ होती. नवे इतकेच, की ज्यांच्या नावावरून रसिकांत जुंपायची, ते दोघे एकाच रंगपटात तोंडाला रंग लावत होते. आता एकदाचा सोक्षमोक्ष लागेल, या हिशेबानेही काही जण तिकीट काढून आले असणारच.

सोक्षमोक्ष लागला नाही. लागणार तरी कसा? बालगंधर्वांच्या गळ्यावर भास्करबुवा बखल्यांची तालीम. स्वर लडिवाळ, शब्दाला कुठे ओरखडा नाही. केशवरावांना वझेबुवांचे मार्गदर्शन. आवाज चढा, तान जोरकस. एकाला रुसायचे होते, दुसऱ्याला सेनापती म्हणून उभे राहायचे होते. दोघांना एकच माप लावणे म्हणजे दूध गजाने मोजणे. शिवाय धैर्यधर फिका पडला, तर भामिनीने भाळायचे कुणावर?

गंमत अशी, की खुद्द नाटकही चुकीच्या मापाविषयीच आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब धैर्यधराचा अपमान करते आणि मग माणूस ओळखायला शिकते. हे नाटक डोक्यावर घेणाऱ्यांनीच गायकांचे मानापमान मांडावेत!

ती खोड अजून गेलेली नाही. लता की आशा, भीमसेन की कुमार. लग्नाच्या पंगतीत दोन काका समोरासमोर बसले, की जिलबी येईपर्यंत ठिणगी पडतेच. वाद गाण्याचा दिसतो, पण बहुतेकदा तो आपल्या विशीचा असतो. ज्या आवाजाने आपले कान पहिल्यांदा उघडले, त्याला कुणी उणे म्हटले की आपलेच काहीतरी हिरावल्यासारखे वाटते. हे प्रेम खोटे नाही. पण ते सिद्ध करायला दुसऱ्याला पाडावे का लागते? गाण्यातले बरे-वाईट जरूर बोलावे. ही जागा अशी का घेतली, तो शब्द असा का टाकला, या चर्चेने कान तयार होतो. ‘मोठा कोण’ या प्रश्नाने फक्त घसा बसतो.

‘संयुक्त मानापमान’च्या त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण नाही. पुढे तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्या प्रयोगात जे हिशेब मांडत बसले, त्यांचे तेवढे ऐकायचे राहून गेले.

पंगतीतल्या काकांकडे मात्र नीट पाहावे. एकजण पुरावा म्हणून मोबाइलवर आपल्या गायकाची बंदिश लावतो. दुसरा तोंड फिरवून बसतो. तबला फिरत फिरत समेवर येतो आणि तोंड फिरवलेल्या काकांची मान बरोबर तिथेच हलते. लगेच ते सावरतात, ‘ठीक आहे’ म्हणतात. पण मानेने आपले मत दिलेले असते.