साहेब, जाता जाता हिशेब करून जा

उन्हाळा सरत आला की दोन कामांची घाई एकाच वेळी सुरू होते. शेतकरी वखराच्या पाळ्या देऊन मृगाकडे डोळे लावतो आणि सरकार बदल्यांचे हुकूम काढते. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक बदलून जायचे झाले की निरोप समारंभ ठरलेलाच. शाल येते, श्रीफळ येते. साहेब भाषणात सांगतात की, सर्व घटकांनी सहकार्य केले म्हणून कायदा व सुव्यवस्था राखता आली.

हे ‘सर्व घटक’ कोण, ते पुढच्या दोन रांगा पाहिल्या की समजते. शांतता समितीचे सभासद, बाजार समितीचे पदाधिकारी, जिनिंगवाले, अडते, कंत्राटदार आणि सर्व पक्षांचे पुढारी. ज्याच्या मालाच्या सेसवर बाजार समितीची इमारत उभी राहिली, तो कापूस-ज्वारीवाला तिथे नसतो. त्याची आणि साहेबांची ओळख कागदावरची. आंदोलन जाहीर झाले की कार्यकर्त्याच्या दारात शिपाई नोटीस घेऊन उभा. पूर्वी ती कलम १४९ ची होती. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ ची झाली. आकडा बदलला, कडी वाजवणारा हात तोच राहिला.

आपले आणि पोलिसांचे नाते जुने आहे. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि स्वतःच्या शेतातला कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरला. सीमेवर गाड्या अडवल्या गेल्या. १९८१ साली निपाणीला तंबाखूवाल्यांवर गोळ्या चालल्या. १९८६ च्या कापूस आंदोलनात सुरेगावला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, पोलिसांच्या गोळीबारात आपले तीन भाऊ गेले. २०१९ साली अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, तर पेरणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

हा इतिहास आम्ही कोणा एका अधिकाऱ्याच्या नावे मांडत नाही. हुकूम वरून येतो. लाठी उगारणारा शिपाई बहुतेक वेळा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा असतो. शेतीत भागले नाही म्हणून तो भरतीच्या मैदानावर पळाला. साहेब बदलून जातात, तो बंदोबस्ताच्या उन्हात उभाच असतो. त्याच्याशी आपले वैर नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, आपली लढाई भावाची, अधीक्षक कोण आला नि कोण गेला याच्याशी आपल्याला काय करायचे? करायचे आहे. भाव ठरला आणि पैसेच बुडाले, तर तो भाव कसला? माल मोजला त्याच दिवशी पैसे चुकते करावेत, असा बाजार समितीचा नियम आहे. तरी गावोगावचा माल उधारीवर उचलून व्यापारी परागंदा होतात. शेतकरी ठाण्यात जातो. तिथे त्याला सांगतात, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. बोगस बियाण्याचे तेच, विहिरीवरून चोरीला गेलेल्या मोटारीचे तेच.

कायदा काय म्हणतो? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितले. ठाणेदार नोंदवत नसेल तर तक्रार लेखी, टपालाने अधीक्षकांकडे पाठवता येते. नव्या संहितेच्या कलम १७३ मध्येही ही तरतूद आहे. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. म्हणजे ठाण्यातून हाकलून दिलेल्या शेतकऱ्याची पुढची पायरी अधीक्षकांचीच. त्या खुर्चीत कोण बसतो आणि किती दिवस बसतो, हा आपल्या घामाच्या पैशाचा प्रश्न आहे.

किती दिवस, हेही कायद्यात आहे. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला किमान दोन वर्षे द्या, असे बजावले. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायदा दुरुस्त करून दोन वर्षांचा कार्यकाल मान्य केला. पण लोकहितासाठी मुदतीआधी बदली करण्याची वाटही ठेवली. यातले लोक कोणते आणि हित कोणाचे, एवढेच विचारायचे राहते. बड्या व्यापाऱ्यावर गुन्हा नोंदवला म्हणून एखादा अधिकारी मुदतीआधी हलवला गेला, तर जाब विचारायला आपण गेले पाहिजे. आणि दोन वर्षे तक्रारी दाबून ठेवल्या असतील, तर कितीही हारांनी ते झाकले जाणार नाही.

सालदाराचे साल गुढीपाडव्याला संपते. त्या दिवशी धनी आणि सालदार ओट्यावर बसतात. उचल किती, खाडे किती, ज्वारी किती दिली, सगळे मोजले जाते आणि मग नारळ दिला जातो. हिशेबाशिवाय सालदार सुटत नाही. मग आपल्या करावर पगार घेणारा जिल्ह्याचा कारभारी कसा सुटावा?

म्हणून शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने यादी आणावी. पैसे बुडवल्याच्या तक्रारी किती दिल्या, गुन्हे किती नोंदले, किती जणांना टोलवले. बियाण्याच्या तक्रारींचे काय झाले. आंदोलकांवरचे किती खटले अजून चालू आहेत. तारखा आणि तक्रारींच्या पोचपावत्या सोबत असाव्यात. ही यादी जाणाऱ्या साहेबांच्या हाती द्यायची आणि तिची प्रत येणाऱ्या साहेबांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी ठेवायची.

ज्याने काम केले त्याला आपणही निरोप देऊ. शाल आपल्याकडे नाही. बांधावर बसून भाकरी-ठेचा खाऊ घालू, आणि तो मनापासूनचा असेल.