उरलेले पंधरा तास

दहावीचा राज्याचा निकाल २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला आणि बारावीचा ९१.८८ टक्के. असे निकाल लागले की पेपर सोपे होते, गुणांची खैरात झाली, ही चर्चा ठरलेलीच. तो वाद तूर्त बाजूला ठेवू. यातलीच मुले पावसाळ्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला बसतात आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला की बारावीला पंचाहत्तर-ऐंशी टक्के मिळवलेल्यांनाही केटी लागलेली दिसते. मग घरोघरी कारणे शोधली जातात: मोबाइल, मोकळीक, संगत. ही कारणे अगदीच खोटी नाहीत. पण ती फार सोयीची आहेत, कारण त्यांत सगळा दोष मुलाच्या पदरात पडतो आणि कॉलेजला काहीच विचारावे लागत नाही. खरे तर या मुलांकडून जे अपेक्षित असते, त्यातला निम्मा भाग त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

‘निम्मा’ हा शब्द इथे हिशेबाने वापरला आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षभराचा अभ्यास १२०० तासांचा धरला आहे आणि त्याची ४० क्रेडिट होतात. म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी वर्गात शिकवायचे असतात १५ तास. उरलेले १५ तास विद्यार्थ्याने स्वतः वाचावे, टिपणे काढावीत, लिहावे, विचारावे असे गृहीत धरलेले आहे. चार क्रेडिटचा विषय असेल तर सत्रात ६० तास वर्गात आणि तेवढेच वर्गाबाहेर. वेळापत्रकात मात्र फक्त पहिले ६० छापलेले असतात. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, मेजर-मायनर काय आणि कोणत्या वर्षी बाहेर पडले की कोणते प्रमाणपत्र मिळते याची माहिती पालकांपर्यंत पोहोचली. क्रेडिटचा हा दुसरा अर्धा भाग पोहोचला नाही.

शाळेत असा स्वतःहून अभ्यास करण्याची वेळच येत नाही. १९६७ साली बालभारती सुरू झाली आणि राज्यभर एका विषयाला एक पुस्तक मिळू लागले. गरीब घरातल्या मुलालाही स्वस्तात नेमके पुस्तक मिळते, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण. पण त्याच पुस्तकाभोवती स्वाध्याय, प्रश्नपेढी, अपेक्षित प्रश्नसंच आणि संध्याकाळचा क्लास अशी तटबंदी उभी राहिली. नेमून दिलेले एक पुस्तक संपवणे म्हणजे अभ्यास, हे मूल दहा-बारा वर्षे शिकते आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळते. कॉलेजात येते तेव्हा हाती पुस्तक नसते, अभ्यासक्रमाची पीडीएफ असते. तिच्या शेवटी ‘संदर्भग्रंथ’ या मथळ्याखाली पाच-सहा नावे. त्यांतली निम्मी इंग्रजी, एखाद्या पुस्तकाची ग्रंथालयात एकच प्रत, तीही घरी न देण्याची. ‘सर, यातलं नेमकं कुठलं वापरायचं?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि ‘कुठलंही बघा’ हे उत्तरही दरवर्षी मिळते. मग मुले पुण्यात अप्पा बळवंत चौक गाठतात, इतरत्र कॉलेजबाहेरचे झेरॉक्सचे दुकान, आणि युनिटवार नोट्स विकत घेतात. याला आळस म्हणणे अन्याय आहे. ज्या रीतीने बारावीपर्यंत यश दिले तीच रीत ती निष्ठेने पाळत असतात.

शाळा आणि पदवी यांच्या मधली दोन वर्षे खरे तर याच बदलासाठी वापरता आली असती. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकाच्या मध्यात दहावी-बारावीचा आकृतिबंध आला, कनिष्ठ महाविद्यालये आली. आज विज्ञान शाखेत त्या दोन वर्षांचे काय झाले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे: प्रवेश एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, नाव ‘इंटिग्रेटेड’. त्याला आळा घालायला बायोमेट्रिक हजेरीचे आदेशही निघून गेले. सीईटी आणि नीटच्या चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात प्रथमच कॉलेजच्या बाकावर बसतो आणि तिथे त्याला पाच-पाच गुणांची उत्तरे स्वतः मांडायची असतात.

यावर उपाय कागदावर आधीपासून आहेत. एआयसीटीईने अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आखून दिला, यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ आणले, त्याच वर्षापासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, त्यात भाषा आणि संगणक कौशल्यांनाही जागा आहे. हेतू चांगले आहेत. अनेक ठिकाणी मात्र त्याचे होते ते प्राचार्यांचे भाषण, रॅगिंगविरोधी हमीपत्र आणि एक गटछायाचित्र. नीट राबवला तरी असा वेगळा सोहळा पुरणार नाही असे मला वाटते, कारण अभ्यास कसा करायचा हे विषयाबाहेर राहून शिकवता येत नाही. ते विषयाच्या शिक्षकानेच, विषयातूनच शिकवावे लागते. अर्थशास्त्राच्या पहिल्या महिन्यात राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालाची दोन पाने वर्गातच वाचायला द्यावीत. विधान कोणते, त्याला आधार देणारा आकडा कोणता, हे शोधायला लावावे. दीडशे शब्द लिहून घ्यावेत आणि आठवड्याच्या आत शेरे मारून परत द्यावेत. रसायनशास्त्रात जर्नलमध्ये प्रत्यक्ष आलेलेच रीडिंग लिहू द्यावे, पुस्तकाशी जुळले नाही तरी. आज सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या जर्नलमधून ‘बरोबर’ रीडिंग उतरवले जाते आणि त्यावर सही होते. तिथे कॉलेज स्वतःच मुलाला पुन्हा शाळेत पाठवते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की अठराव्या वर्षीही बोट धरून चालवायचे का? आमच्या वेळी कोणी शिकवले होते? पण त्या वेळी शिकणारे कोण होते, तेही पाहावे. पदवीधर काका, होस्टेलवरचा गाववाला, शिक्षक वडील, कोणीतरी हे वळण लावत असे. ज्यांना कोणीच नव्हते त्यांतले मध्येच सुटलेले लोक हा आक्षेप घ्यायला आता समोर येत नाहीत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत देशातले उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्क्यांवर पोहोचले. आज वर्गात अशी पुष्कळ मुले आहेत, ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी कोणीच चढलेले नाही. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन शंका विचारली तर चालते, एवढेही त्यांना माहीत नसते. शिवाय एकट्याने काम करायला शिकवणे आणि त्याचे काम आपण करून देणे यांत फरक आहे. अपेक्षित प्रश्न ‘देणारे’ प्राध्यापक दुसरी गोष्ट करतात आणि त्यावर आक्षेप सहसा येत नाही.

दुसरे म्हणणे भाषेचे. खरी अडचण इंग्रजीची आहे, बाकी सगळे गौण, असे मराठी माध्यमातून आलेल्यांच्या बाजूने सांगितले जाते. ते बरेचसे खरे आहे, आणि २०२१ पासून अभियांत्रिकी प्रादेशिक भाषांत शिकवायला परवानगी मिळाली ती त्यामुळेच. तरी इंग्रजी माध्यमातल्या मुलानेही दोन पुस्तके समोरासमोर ठेवून कधी वाचलेली नसतात. मराठी माध्यमातल्या मुलावर हे ओझे दुप्पट पडते, म्हणून त्याच्यासाठी ही शिकवण अधिक तातडीची.

सगळ्यात वजनदार आक्षेप प्राध्यापकांकडून येतो आणि त्याला सोपे उत्तर नाही. शंभर-सव्वाशेचा वर्ग, रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावर घेतलेला शिक्षक. त्याला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. सव्वाशे वह्या घरी नेऊन त्याने शेरे का मारावेत? मारू नयेत. लेखन तपासण्याचा वेळ कार्यभारात धरला जात नाही तोवर त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवणे चूक आहे, आणि तो धरणे हे काम विद्यापीठाचे आणि सरकारचे आहे. एक गोष्ट मात्र कोणत्याही शासन निर्णयाविना विभागप्रमुख उद्या करू शकतात. अनेक ठिकाणी प्रथम वर्षाचे तास सर्वांत नव्या, अस्थायी शिक्षकाच्या गळ्यात टाकतात आणि अनुभवी, कायम प्राध्यापक तृतीय वर्ष आणि एमएचे तास ठेवून घेतात. ही वाटणी निदान पहिल्या सत्रापुरती उलटवावी.