स्वस्त अ‍ॅम्पमधून काय कापलं?

घरातलं कुणी इलेक्ट्रिक गिटार शिकायला निघालं की खल होतो तो गिटारवर. आकार, रंग, कंपनी, सगळ्यावर बोलणं होतं. अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघेपर्यंत पैसे संपत आलेले असतात आणि उरलेल्या रकमेत बसेल तो डबा घरी येतो. हा क्रम चुकीचा आहे. इलेक्ट्रिक गिटारची तार एरवी जेमतेम ऐकू येते. पिकअप तिच्या कंपनाचा क्षीण विद्युतसंकेत करतो आणि त्या संकेताला नादाचं रूप मिळतं ते अ‍ॅम्पमध्ये, स्पीकरमध्ये. शिकणारा रोज जे ऐकणार, ज्याच्यामुळे सरावाला बसावंसं वाटणार किंवा वाटणार नाही, ते बरंचसं या डब्यातून येतं. नवशिक्यासाठी स्वस्त अ‍ॅम्प काढण्याचे प्रयत्न पाऊणशे वर्षांहून जुने आहेत. त्या प्रत्येक प्रयत्नात किंमत उतरवायला कारखानदाराने काहीतरी कापलं. कशाला कात्री लावली, यावरच त्या अ‍ॅम्पचं बरंवाईट ठरलं, आणि दुकानात उभं राहून आजही विचारायला हवा तो हाच प्रश्न.

1932 साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशां आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कंपनीने बाजारात आणलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची होती. म्हणजे आपल्याकडे ज्याला हवाईयन गिटार म्हणतात तेच वाद्य. व्हॅन शिपली यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून हिंदी चित्रपटगीतांच्या धून ऐकलेल्या पिढीला तो आवाज चांगला ओळखीचा आहे. अमेरिकेत या वाद्याच्या शिकवण्या जोरात चालत. शिकणाऱ्याला गिटार हवी, तसा अ‍ॅम्पही हवा. ही गरज लिओ फेंडर यांनी नेमकी हेरली. ते कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस फेंडर कंपनीने चॅम्पियन नावाचा छोटा अ‍ॅम्प काढला. विद्यार्थ्याच्या हवाईयन गिटारबरोबर तो जोडीने विकला जाई. पुढे त्याचं नाव चॅम्प झालं. पन्नासच्या दशकातल्या चॅम्पला एकच नॉब होता, आवाज कमीजास्त करण्याचा. शेवटच्या टप्प्याला एकच व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी), ताकद सुमारे 5 वॅट, स्पीकर आधी 6 इंची आणि नंतर 8 इंची. कापलं होतं ते फक्त बळ आणि सोयी. जे ठेवलं ते मोठ्या अ‍ॅम्पइतक्याच काळजीने जोडलेलं होतं: ट्रान्सफॉर्मर, लाकडी पेटी, साधं पण नेटकं सर्किट. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पुऱ्या ताकदीला नेला की त्याचा सूर भरदार होऊन फाटू लागतो. मोठ्या अ‍ॅम्पवर हे करायचं तर भिंती हादरतात, चॅम्पवर ते खोलीत होतं. म्हणूनच 1970 साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी ‘लैला’चं ध्वनिमुद्रण करताना हा विद्यार्थ्यांचा अ‍ॅम्प वापरला. नवशिक्याला कमी लेखून केलेली वस्तू स्टुडिओपर्यंत पोचली नसती.

त्याच काळात दुसऱ्या टोकाचीही काटकसर चालू होती, आणि तिच्याविषयी राग यावा अशीच ती आहे. काही स्वस्त अमेरिकी अ‍ॅम्पमधून चक्क वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला होता. भिंतीतली वीज थेट सर्किटमध्ये जाई. प्लग उलटा लागला किंवा आतला एखादा भाग निकामी झाला, तर केबलमधून गिटारच्या तारांपर्यंत करंट येऊ शके. दुरुस्ती करणाऱ्यांनी या अ‍ॅम्पना नाव दिलं ‘विडो-मेकर’, बायकोला विधवा करणारे. जुन्या वस्तूंच्या हौसेपोटी आजही लोक ते विकत घेतात; त्यांनी आधी जाणकार कारागिराकडून त्यात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा.

स्वस्ताईचा सर्वांत देखणा नमुना मात्र 1962 च्या सुमारास आला. सिअर्स ही घरपोच माल पाठवणारी बडी अमेरिकी कंपनी सिल्व्हरटोन नावाने गिटार विकत असे, आणि न्यू जर्सीतली नेथन डॅनियल यांची डॅनइलेक्ट्रो कंपनी त्यातल्या बऱ्याच बनवून देई. डॅनियल यांनी गिटारच्या पेटीतच अ‍ॅम्प बसवला. पेटी उघडायची, गिटार बाहेर काढायची, पेटी उभी करायची, केबल जोडायची. सगळा संच 70 डॉलरच्या आत. इथे कापला गेला तो वेगळ्या खोक्याचा खर्च. त्यातला सर्वांत लहान अ‍ॅम्प अशक्तच होता, पण शेतावरच्या मुलाच्या दारात टपालाने संपूर्ण वाद्य पोचत होतं, आणि ही गोष्ट लहान नाही.

मग व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आला. साठच्या दशकातले ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प फार बिघडत. सत्तरीत ते भरवशाचे झाले. बॅटरीवर चालणारा, 5 इंची स्पीकरचा पिगनोज अ‍ॅम्प आला. 1978 मध्ये रोलँडच्या क्यूब मालिकेने घरात वाजवायचा अ‍ॅम्प नीट, टिकाऊ आणि आटोपशीर असू शकतो हे दाखवलं. पुढे गिटार, पट्टा, केबल आणि अ‍ॅम्प एकाच खोक्यात घालून विकण्याची पद्धत रुळली आणि यावेळी कात्री चालली ती स्पीकरवर. खोक्यावर ‘10 वॅट’ ठळक छापायचं, समोर ‘गेन’चं, म्हणजे सूर फाडण्याचं, बटण द्यायचं, आणि आत हलका स्पीकर बसवून पातळ पेटी बंद करायची. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 कंपनांनी वाजते. एवढा खालचा सूर उचलायला स्पीकरला हवा ढकलता यावी लागते. अशा पेटीतून त्या सुराची सावलीच बाहेर पडते. स्वस्त ट्रान्झिस्टरचा फाटलेला सूर तर माशीच्या गुणगुणण्यासारखा येतो. आपला हातच वाईट आहे असं समजून किती मुलांनी गिटार कपाटावर टाकली असेल, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वॅटच्या आकड्याने ग्राहकाची दिशाभूलही खूप होते. 5 वॅटच्या जागी 50 वॅट घेतले तर आवाज दहापट होत नाही, कानाला साधारण दुप्पट वाटतो. घरच्या सरावाला 5 ते 10 वॅट पुरून उरतात. ‘मग गिटार सरळ होम थिएटरला जोडतो,’ असंही काही जण म्हणतात. गिटारचा स्पीकर वरची तीक्ष्ण कंपनं मुद्दाम गाळतो, होम थिएटर ती जशीच्या तशी ऐकवतं आणि आवाज कर्कश लागतो. हे गाळणं इलेक्ट्रॉनिक सर्किटमधूनही साधता येतं, हे बॉस्टन बँडचे टॉम शोल्झ यांनी 1982 च्या सुमारास आपल्या रॉकमनने दाखवलं. कमरेला लटकणारी ती डबी हेडफोनवर ऐकायची होती. स्पीकर कापूनही सूर राखता येतो, हा धडा तिथला. 1998 मधल्या लाइन सिक्सच्या पॉडने तेच काम संगणकीय चिपवर आणलं, आणि आजचे बहुतेक सरावाचे अ‍ॅम्प याच घराण्यातले आहेत.

त्यामुळे आजचा नवशिक्या सुदैवी आहे. बॉसचा कटाना, फेंडरचा मस्टँग एलटी 25, रोलँडचा मायक्रो क्यूब अशा अ‍ॅम्पमध्ये हेडफोनची सोय असते, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती चैन नाही, गरज आहे. पण कात्री आजही चालते. फरक एवढाच की कापलेलं झाकायला आता पन्नास इफेक्ट असतात. माझं मत स्पष्ट आहे. इफेक्ट कमी चालतील, वॅट कमी चालतील. स्पीकर शक्यतो 8 इंची असावा, आणि इफेक्टविना स्वच्छ सूर कानाला गोड लागावा. गिटारमधले थोडे पैसे काढून अ‍ॅम्पला लावावेत. दुकानात विक्रेता डिस्टॉर्शन लावून झपाझप वाजवून दाखवतो. त्याला नम्रपणे थांबवून सगळे इफेक्ट बंद करायला सांगावं, घरी रात्री ठेवाल तेवढाच आवाज ठेवावा आणि जाड तार एकटी छेडून ऐकावी. हेडफोन लावून पुन्हा ऐकावं. अमेरिकेतून कुणी नातेवाईक अ‍ॅम्प आणणार असेल तर त्याला मागचं लेबल आधी वाचायला लावावं: केवळ 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या 230 व्होल्टला जोडला तर जळतो.

आणि दुकानदारांकडे एक मागणी. अ‍ॅम्पच्या किमतीच्या चिठ्ठीवर वॅटचा आकडा असतोच. त्याच्याशेजारी स्पीकर किती इंची आणि हेडफोन लागतो की नाही, हे तितक्याच मोठ्या अक्षरात लिहावं.