‘हार्डली’ मेहनत!

अप्रेझलचा सीझन आला की आमच्या मावसभावाचं धाबं दणाणतं. पठ्ठ्या मूळचा भिंगारचा, शाळा मराठी मीडियमची, आता हिंजवडीत नोकरी. कामात एकदम टॉप. यंदा सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरून त्याने मला पाठवला, ‘ताई, इंग्लिश तेवढं बघ ना.’ पहिलंच वाक्य : ‘आय हॅव हार्डली वर्क्ड धिस इयर.’

बॉस, याचा अर्थ ‘मी यंदा जेमतेमच काम केलं’! इन्क्रीमेंट गेलंच की.

त्याचं लॉजिक मात्र पक्कं होतं. क्विकचं क्विकली, तसं हार्डचं हार्डली. पण हार्ड हा पठ्ठा दोन्ही ड्युट्या स्वतःच करतो. हार्ड वर्क आणि वर्क हार्ड. लेटचंही तेच. ‘लेटली’ म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे. उलट फ्रेंडलीला ‘ली’ असूनही ते विशेषणच! फॉर्म सबमिट व्हायच्या आत वाक्य बदललं, एवढंच नशीब.

खरी गंमत मराठीत आहे. ‘चांगला मुलगा’ आणि ‘तो चांगला गातो’, शब्द एकच. वर ‘ती चांगली गाते’. म्हणजे क्रियाविशेषणाचं काम करतानाही हा शब्द लिंग बघून बदलतो. मग ‘शी सिंग्ज गुड’ तोंडात बसणारच. इंग्रजीला तिथे ‘वेल’ लागतं. याला अडाणीपणा म्हणून हसणाऱ्यांचा मला जाम राग येतो. तुमचं डोकं शिस्तीत मराठी व्याकरण पाळतंय, इतकंच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. पुढे ते नगरलाच डेप्युटी कलेक्टर होते. (असा माणूस एचआरमध्ये हवा!)

अडलात तर एक ट्रिक. क्रियापद काढून ‘इज’ टाकून बघा. ‘द टी टेस्ट्स गुड’चं ‘द टी इज गुड’ होतं ना? मग विशेषणच बरोबर. ‘शी सिंग्ज वेल’चं ‘शी इज वेल’ केलं, तर गाणं गायब आणि तब्येतीची चौकशी सुरू! तिथे क्रियाविशेषण. तसंच, बॉस ‘लुक्स अँग्री’ म्हणजे रागावलेला दिसतो. ‘लुक्स अँग्रिली ॲट यू’ म्हणजे तुमच्याकडेच रागाने बघतोय. दुसऱ्या केसमध्ये सरळ कॅन्टीन गाठा.

आणि हो, रस्त्यावरच्या ‘ड्राइव्ह स्लो’ला चूक म्हणू नका. ‘स्लो’ क्रियाविशेषण म्हणूनही चालतं. ‘स्लोली स्लोली’ मात्र आपलं ‘हळूहळू’ आहे. ऑफिसच्या मेलमध्ये ‘ग्रॅज्युअली’ लिहा.