भेट कंपनीची, हात कोणाचे?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की संध्याकाळच्या लोकलमध्ये आणि बसमध्ये एक निराळी गर्दी दिसू लागते. ती माणसांची नव्हे, खोक्यांची. कंपनीने दिलेले चकचकीत खोके मांडीवर सांभाळत माणसे घरी परततात. मुले ते उत्साहाने फोडतात. आतून कधी काचेचे सहा पेले निघतात, कधी प्लॅस्टिकच्या साच्यात बसवलेल्या सुक्या मेव्याच्या चार चिमुकल्या डब्या. मेवा दोन दिवसांत संपतो. साचा, फीत आणि खोके केराच्या टोपलीत जातात. पेले माळ्यावर चढतात आणि पुढे कोणाच्या तरी वास्तुशांतीला 'अगदी नवे आहेत' म्हणून रवाना होतात. हे आपण सर्वांनीच केलेले आहे. नाकबूल करण्यात अर्थ नाही.

अलीकडे मात्र काही कंपन्या वेगळा विचार करू लागल्या आहेत. कोणी वारली चित्र रंगवलेली वस्तू देते, कोणी सावंतवाडीचे लाकडी काम, कोणी बचत गटातल्या बायकांनी शिवलेली कापडी पिशवी. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण तिचे कौतुक करून थांबण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. या भेटीमुळे ती वस्तू घडवणाऱ्या माणसाच्या घरी नेमके काय पोचते?

त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे उदाहरण घेऊ. पेशवाईच्या काळापासून इथे त्वष्टा कासार समाजातील कारागीर तांब्याची भांडी घडवत आले आहेत. हंडे, कळशा, घंगाळी आणि मुख्य म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा बंब. पत्रा भट्टीत तापवायचा, ठोकून आकार द्यायचा, जोड घालायचा, साफ करायचा आणि शेवटी मठारायचा. मठारकाम म्हणजे गुळगुळीत हातोडीने भांड्यावर एकाशेजारी एक, रांगेने ठोके देत जाणे. त्याने भांड्याला आरशासारखी झळाळी येते, हे पाहणाऱ्याला दिसते. पण त्या ठोक्यांनी मऊ तांबे कणखरही होते, हे वापरणाऱ्याला पुढे कळते. एक ठोका जोरात बसला तर पत्रा बिघडतो. हाताला हा अंदाज यायला वर्षे लागतात.

पुढे स्टेनलेस स्टील आले आणि हंडे-कळशा मोडीत निघाल्या. गिझर आले आणि बंब गेला. ज्या वस्तूंवर आळी जगत होती, त्या वस्तूच घरांतून नाहीशा झाल्या. हात मात्र तेच राहिले. इन्टॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेची पुणे शाखा आणि फोर्ब्स मार्शल ही कंपनी यांच्या पाठबळाने याच मठारकामातून आजच्या घरात शोभतील अशा वस्तू घडवण्याचा प्रयत्न सुरू झाला. सामाजिक उपक्रमांचे खरे काम हेच असते. कारागिराला नवा नमुना, वेष्टन, बिल आणि गिऱ्हाईक मिळवून द्यायचे आणि हातोडी मात्र त्याच्याच हाती ठेवायची.

आता कंपनीच्या बाजूने पाहू. दिवाळीची भेट ठरते ती बहुधा दसऱ्याच्या आसपास. मग खरेदी विभाग तीन ठिकाणचे दर मागवतो, सर्वांत कमी दर पाहतो आणि पाचशे नग पंधरा दिवसांत हवेत म्हणून सांगतो. यंत्रावर दाबून खळगे उठवलेल्या भांड्यांचा व्यापारी ही मागणी हसत स्वीकारतो. तांबटाला ते शक्य नसते, कारण त्याचा प्रत्येक ठोका हातानेच पडायचा असतो. शिवाय तांब्याचा पत्रा आधी रोखीने आणावा लागतो. तेव्हा 'हस्तकला' असा शिक्का मारलेले यंत्राचे भांडे भेट म्हणून जाते आणि आपणही 'वा, किती छान मठारलेले' म्हणून ते काचेच्या कपाटात ठेवतो.

जिथे खऱ्या कारागिराला काम मिळते, तिथेही पैशाची वाट पाहणे सुटत नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी २००६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा चांगला आहे. पण पुढच्या दिवाळीची मागणी जिच्याकडून यायची, त्या कंपनीविरुद्ध तक्रार करायला कोण जाईल? २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत काही पारंपरिक व्यवसायांना तारणाशिवाय कर्ज आणि अवजारांसाठी मदत मिळते. तिचा उपयोग आहेच. पण कर्जाने हातोडी येते, गिऱ्हाईक येत नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. एप्रिल २०१४ पासून मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कारागिराकडून घेतलेली दिवाळीची भेट त्या खात्यातली नव्हे. ती साधी खरेदी आहे. तिच्यात उपकार नाहीत, तशी सवलतही मागू नये. लिज्जत पापडाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली आणि देणगी घ्यायची नाही हे व्रत पाळले. लोकांनी ते पापड दयेपोटी नव्हे, चवीपोटी घेतले. बाबा आमट्यांच्या आनंदवनातूनही कुष्ठमुक्तांच्या हातांनी घडवलेल्या वस्तू आपल्या घरांत आल्या, त्या श्रमाचे मोल म्हणून.

मग करायचे काय? कंपनीने मागणी श्रावणातच द्यावी आणि पत्र्यापुरती रक्कम आगाऊ द्यावी. दोन भांडी तंतोतंत सारखी नसतील, हे आधीच मान्य करावे. मध्यस्थ संस्थेला किंमतीतला किती वाटा कारागिराला मिळतो, हे मोकळेपणाने विचारावे. चांगली संस्था ते सांगायला कचरणार नाही. आणि भांड्यावर कंपनीचे ठसठशीत बोधचिन्ह कोरण्याऐवजी आत घडवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ठेवावी. जाहिरात कोरलेला तांब्या कोणी पूजेला घेत नाही. 'महाग पडते' ही सबब खरी असेल, तर चार वस्तूंऐवजी एकच द्यावी. कारागिरांनीही दिलेली तारीख पाळायला हवी, हे ओघाने आलेच.

आणि आपण? आपल्यापैकी कोणी त्या खरेदी विभागात असेल, कोणी तिथे शब्द टाकू शकेल. बाकीच्यांनी घरात आलेले मठारलेले भांडे कपाटात न ठेवता रोज वापरावे. त्यात पाणी भरावे, ताक किंवा सरबत मात्र कल्हईशिवाय ठेवू नये, ते चिंचेने घासावे. तांबे पिढ्यान् पिढ्या टिकते, पोचा आला तर दुरुस्त होते आणि अगदी शेवटी मोडीलाही किंमत देते. पर्यावरणपूरक वस्तू याहून वेगळी काय असते?

तांबट आळीतल्या मुलाने बापाची हातोडी उचलावी की दुसरीकडे नोकरी शोधावी, हे त्याच्या घरी ठरेल. पण ते ठरवताना त्या घरात वर्षभराच्या कामाची खात्री असेल की फक्त दिवाळीपुरती धावपळ, हे बरेचसे आपल्या हाती आहे. या वर्षी खोके उघडाल तेव्हा आत काय आहे ते पाहाच. ते कोणी केले, हेही एकदा विचारून पाहा.